जोड इंजिनवाला इंद्रभान

माझा भाऊ इंद्रभान याच्याबद्दल आमच्या बीबी गावात कोणालाही विचारा, आधी हसतील आणि मग हात जोडतील. हसतील यासाठी, की भर वस्तीतल्या विहिरीवर त्यानं सहा-सात महिने बायकोची लुगडी धुतली. हात जोडतील यासाठी, की पंचवीस कोसांत त्याच्यासारखा इंजिनाचा मिस्त्री नाही. मी त्याची थोरली बहीण, वच्छला. गावच्या शाळेत शिकवते. पोरं तोंडावर बाई म्हणतात आणि पाठीमागं तिखटबाई, ते मला ठाऊक आहे. नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बापानं माहेरी आणली, सातवी करवली, मास्तरकीला लावली. बाप गेल्यावर इंद्रभानचं घर तेच माझं घर. शाळेमुळं माझी भाषा जरा पुस्तकी झाली आहे, पण संताप आला की वऱ्हाडीच येते तोंडात, आणि हे सांगताना संताप येणारच आहे. कोणाचा, ते ऐका म्हणजे कळेल.

आम्ही माळी. वांगी, मिरच्या, कांदे, मेथी, जे लागेल ते पिकवायचं आणि बाजाराला न्यायचं. इंद्रभानला मात्र मातीपेक्षा लोखंडाची माया. पंधराव्या वर्षी न सांगता खामगावला पळाला, एका कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालायच्या कामावर राहिला आणि आठ वर्षांनी मिस्त्री होऊन परत आला. तेव्हा आमच्याकडं विहिरींवर डिझेलची इंजिनं नवीन नवीन बसत होती. मोटा सुटल्या, बैल मोकळे झाले, पण इंजिन बंद पडलं की मोठमोठे शेतकरी डोक्याला हात लावून बसत. मग इंद्रभानला बोलावणं. हा जायचा, चालत्या इंजिनाच्या अंगाला लांब पेचकस टेकवायचा, त्याच्या मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसंच. मग म्हणायचा, "याले काही झालं नाही, हे फक्त दमलं." आणि इंजिनाला लाडानं शिव्या देत देत कामाला लागायचा.

त्याची एक रीत होती, ती दुसऱ्या कोणा मिस्त्रीची नव्हती. भाजीच्या मळ्याला चार दिवस पाणी नसलं की मळा गेला. म्हणून त्यानं स्वतःजवळ एक जुनं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवलं होतं. कोणाचं इंजिन खोलायचं झालं की हे बैलबंडीवर घालून न्यायचं, विहिरीवर बसवायचं, पाणी सुरू करून द्यायचं आणि मग त्यांचं इंजिन निवांत खोलून बसायचं. लोक त्याला जोड इंजिन म्हणत. इंद्रभान म्हणायचा, घाईत जोडलेलं इंजिन पुन्हा बिघडते, त्याले सवड द्या लागते. त्या जोड इंजिनामुळं कितीकांचे मळे वाचले, याची काही गणती नाही.

त्याची बायको सत्यभामा मेहकरकडची. अहाहा, काय पोरगी होती! हसायला लागली की चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत हसायची. इंद्रभान दारात आला की म्हणायची, "दूर राहा जरा. तुमच्या अंगाले इतकं तेल हाये, मी काडी ओढली त तुमी पेटून जासान." मी नणंद, त्यात विधवा, त्यात नोकरीवाली, त्यात तिखट. दुसरी असती तर वर्षभरात वेगळी चूल मागती. ही माझ्या केसांना तेल लावून द्यायची आणि म्हणायची, आक्का, शाळेत पोरांवर ओरडून आल्या ना, आता घरी माझ्यावर ओरडू नका, घसा बसन. मी तिच्यावर कधी ओरडलेच नाही. आईशप्पथ नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा, अडुसष्ट सालच्या संक्रांतीच्या आसपास, तिला मुलगी झाली. गीता. बाळंतपण मीच केलं, सुईण होतीच. सगळं सुखरूप झालं. महिन्याभरानं तिचे पाय सुजले. आम्ही म्हटलं, बाळंतवारं असेल. शेक दिला, सुंठ दिली, खोलीची दारं लावून तिला उबेत ठेवलं. पंधरा दिवस असे गेले. मग तिला आडवं पडवेना. पाठीशी गोधड्यांची चळत लावून बसल्या बसल्या झोपायची, चार शब्द बोलली की धाप लागायची. एक दिवस इंद्रभाननं तिच्या पाठीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. उठला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. मला म्हणाला, "आक्का, हे वारं नाही. आतला ठोका चुकते." त्याच दिवशी यष्टीनं आम्ही तिला खामगावला नेलं.

खामगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि उजेडाला धरून दोन-दोनदा बघितला. बघून म्हणाले, "हृदय फार मोठं झालंय. म्हणजे ताणलं गेलंय. हृदय हा शेवटी एक पंपच. काही बायकांचा बाळंतपणानंतर हा स्नायू एकाएकी ढिला पडतो. का पडतो ते आम्हालाही नीट माहीत नाही."

पंप म्हटल्याबरोबर माझा भाऊ खुर्चीवर सावरून बसला. म्हणाला, "साहेब, मंग याले जोड इंजन नाही का लावता येत?"

डॉक्टरांना काही समजेना. त्यानं आपली रीत त्यांना समजावून सांगितली, विहीर, मळा, बंडी, सगळं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही म्हणता तेच अमेरिकेत करून पाहताहेत. यंत्र छातीशी ठेवतात, नळीनं रक्त ओढून घेतात आणि पुढं ढकलतात. हृदयावरचा भार उतरतो, आणि तेवढ्या दिवसांत एखाद्याचा स्नायू पुन्हा जोर धरतो. मग यंत्र काढून घेता येतं."

"एखाद्याचा? सगळ्याइचा नाही?"

"सगळ्यांचा नाही. पुष्कळ जण यंत्र चालू असतानाच जातात. यंत्र रक्त फिरवतं, स्नायू दुरुस्त करत नाही. सुधारायचं ते स्नायूनंच. यंत्र त्याला उसंत देतं, एवढंच."

"मंबईले भेटन?"

"नाही. आपल्या देशातच नाही."

इंद्रभान नखातलं काळं तेल दुसऱ्या नखानं काढत बसला. मग त्यानं विचारलं, उसंत दुसऱ्या कशानं देता येईल. डॉक्टर म्हणाले, अंथरुणात पडून. वर्षभर. पाण्याचा पेलासुद्धा तिनं स्वतः उचलायचा नाही. पोरीला अंगावर पाजायचं नाही. औषध चुकवायचं नाही. "आणि मीठ बंद. मिठानं अंगात पाणी साचतं, आणि ते सगळं या दमलेल्या पंपालाच ओढावं लागतं. मीठ दिलंत तर माझी सगळी मेहनत वाया जाईल." हे त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं, कारण स्वयंपाक मीच करणार होते. मी मान हलवली. मी मास्तरीण, मला एकदा सांगितलेलं पुरतं.

यष्टीत बसल्यावर इंद्रभान म्हणाला, "जोड इंजन मीच होतो." आणि झाला. सकाळी उठून घागरी भरायच्या, पोरीचे लंगोट धुवायचे, सत्यभामाची लुगडी धुवायची. विहिरीवर बायका तोंडाला पदर लावून हसत. एक बुवा तर म्हणाला, "काय बे इंद्रभान, आता बांगड्याई भरतं का?" हा म्हणाला, "तुह्या इंजनचा पट्टा तुटला की मले बोलाव, बांगड्या भरूनच येतो." तिची वेणीसुद्धा तो घालायचा, अशी वेडीवाकडी, की ती आरशात बघून हसायची आणि हसता हसता धाप लागली की हा घाबराघुबरा व्हायचा. दिवसातून तीन वेळा पाठीला कान लावून ठोके ऐकायचा. गावोगावची बोलावणी नाकारली. जोड इंजिन लोकांना नुसतंच देऊन टाकायचा, म्हणायचा, तुमचं तुमी बसवून घ्या.

सगळ्यात वाईट होतं ते दुधाचं. तिला पान्हा फुटायचा आणि आम्ही छातीला फडकं घट्ट बांधून ठेवायचो. पोर शेजारच्या खोलीत शेळीच्या दुधासाठी रडायची, इकडं हिचं फडकं ओलं व्हायचं. ती म्हणायची, आक्का, एकदा, एकच डाव देऊ द्या. मी नाही दिलं. मन दगडासारखं करून नाही दिलं. मला तेव्हा वाटायचं, यापेक्षा कठीण काही माझ्या नशिबी यायचं नाही.

पण गुण आला हो! आषाढात पुन्हा खामगावला नेलं, पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि आम्हालासुद्धा दिसलं, हृदय लहान झालं होतं. दोन बोटं तरी लहान. पाय उतरले होते, ती आडवी झोपत होती. डॉक्टर इंद्रभानच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "स्नायू परत जोर धरतोय. तुमच्या जोड इंजिनानं काम केलं. अजून सहा महिने असंच." माझा भाऊ तिथंच भिंतीकडं तोंड करून रडला. डॉक्टर पुढं म्हणाले, फक्त ही फार वाळली आहे, हिला खाऊ घाला. खाल्लं नाही तर स्नायू भरेल कशानं?

आता इथून माझं सुरू होतं.

अळणी तिला जात नव्हतं. चार-पाच महिने तिनं मुकाट्यानं खाल्लं, पण आता घास तोंडात फिरवत बसायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. अळणी डाळ, अळणी भाजी, अळणी भाकर. एका भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. डॉक्टर म्हणतात खाऊ घाला, आणि ही चिमणीएवढं खाते. मी काय काय केलं! लिंबू पिळलं, मिरची वाटली, चिंच घातली. उपासाला मिठाऐवजी सैंधव चालतं, तेसुद्धा मनात आलं होतं. पण मी म्हटलं, नाही, सैंधव म्हणजे शेवटी मीठच. एवढी अक्कल होती मला! एवढीच होती.

मग मला खार सुचला. लोणारचा खार. आमच्या भागात कोणाच्या घरी नसतो? तळ्यातून निघतो, बाजारात ढिगानं मिळतो, पापडात घालतात, डाळ शिजत नसली तर चिमूटभर टाकतात. मिठाचा डबा वेगळा, खाराचा डबा वेगळा. मीठ ते मीठ आणि खार तो खार. जन्मापासून आम्ही असंच समजत आलो. मी तिच्यासाठी मुगाचे पापड केले, मीठ अजिबात नाही, नुसता खार, आणि जरा सढळ, चव यावी म्हणून. डाळीतही टाकत गेले. पहिला पापड भाजून दिला तेव्हा तिनं तो खाल्ला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, जीव आला बाई तोंडात." त्या दिवशी तिनं पूर्ण भाकर खाल्ली. मला इतका आनंद झाला, की मी शाळेत जाऊन पोरांना लवकर सोडून दिलं.

आणि ऐका, शाळेत मी काय शिकवायचे? तिसरीला जिल्ह्याचा भूगोल. लोणारचं सरोवर, त्याचं पाणी खारट, त्या पाण्यातून खार निघतो. घोकून घ्यायचे पोरांकडून. ज्याला आलं नाही त्याच्या हातावर छडी. त्या छडीनं कोणीतरी मला का नाही झोडपलं?

श्रावणात सुरू केलं. पोळ्याला तिच्या पायांवर पुन्हा सूज दिसली. भाद्रपदात पोट फुगलं. गोळ्या वाढवून आणल्या, उपयोग होईना. इंद्रभान वेड्यासारखा झाला. कुठं चुकलं, म्हणून दिवसभर शोधत बसायचा. ती बाजेवरून उठली होती का? पोरीला उचललं होतं का? मला विचारलं, "आक्का, मीठ त नाही ना गेलं कशातून?" मी भडकले त्याच्यावर. "मले काय समजतं रे तू? मी मीठ देईन तिले?" आणि तिचं जेवण पुन्हा कमी झालं म्हणून मी, मी मेलीनं, पापड वाढवले. चार चार द्यायचे. म्हणायचे, खा बाई, जोर येईल.

दसऱ्याच्या आधी तिला खामगावला नेलं. या वेळी मी पोरीपाशी घरी राहिले, ते दोघंच गेले. जाताना ती यष्टीच्या खिडकीतून पोरीकडं बघत होती. चौथ्या दिवशी इंद्रभान एकटा आला. भाजी नेणाऱ्या मोटारीतून तिला आणलं होतं, पांढऱ्या चादरीत.

सगळं झाल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला. म्हणाला, "ती शेवटी बोलली. म्हणली, गीतीले दुसरी माय आणू नका. तिले आक्काच्या ओटीत घाला. आक्कासारखं कोणी करणार नाही." एवढं बोलून त्यानं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि जोड इंजिन परत आणायला निघून गेला.

त्यानं दुसरं लग्न केलं नाही. कितीक स्थळं आली, मीही म्हणाले, भांडले, ऐकला नाही. पुन्हा गावोगाव इंजिनं दुरुस्त करत फिरू लागला. माझ्या हातचं जेवायचा, वाढलं ते खायचा. अकरा वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. मी म्हणायचे, काय थंड्या रक्ताचा माणूस आहे! पोर मला आई म्हणायला लागली. मी तिला शिकवलं नाही, तिची तीच म्हणाली.

यंदा उन्हाळ्यात मला चक्कर यायला लागली. मेहकरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि कागद पुढं ओढून सांगायला लागल्या. "मीठ कमी करा. लोणचं बंद. पापड बंद. खाण्याचा सोडा, खार, सगळं बंद."

मी म्हटलं, "खार कशाला? मी मीठ बंद करते ना."

त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं असं विचारावं? अंगाला खार काय आणि मीठ काय, सारखंच. उलट लोणारचा खार जास्तच वाईट. एखाद्या हृदयाच्या रोग्याला दिला तर तो महिन्या-दोन महिन्यांत जाईल."

मी कागद घेतला. स्टँडवर आले. बीबीची यष्टी लागली आणि गेली. दुसरी लागली, तीही गेली. पाणी विकणारी बाई विचारत होती, बाई, कुठं जायचं? तिसऱ्या यष्टीत बसले ते कंडक्टरनं हात धरून बसवलं म्हणून.

घरी आले तेव्हा इंद्रभान ओसरीवर जेवत होता. गीतानं वाढलं होतं. मी पोरीला दुकानात पिटाळलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "इंद्रभान, सत्यभामाले मी मारलं." आणि सगळं सांगितलं. पापड, डाळ, खार, डॉक्टरीणबाई.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "मले माहीत हाये, आक्का."

"काय माहीत हाये?"

"खामगावच्या डॉक्टरनं तवाच विचारलं, काय काय खाते म्हणून. तिनंच सांगितलं, खाराचे पापड. ते कपाळाले हात लावून बसले."

माझ्या डोक्यात जाळ झाला. "अकरा साल! अकरा साल तोंड शिवून बसला तू? मले शिव्या काऊन नाही दिल्या? घरातून काऊन नाही हाकललं? माह्या हातचं गिळत बसला मुकाट्यानं?"

"मी उठलो होतो घरी याले," तो म्हणाला. "त्याच वख्ती. तुले काय काय बोलाचं ते सगळं मनात धरून उठलो होतो. तिनं माह्या हाताले धरलं. तिले बोलता येत नव्हतं, दम लागून राह्यला होता. तरी बोलली. म्हणली, आक्काले कधी कळू देऊ नका. त्या जगणार नाहीत." मग म्हणाला, "गीतीचं तिनं त्याच्यानंतर सांगितलं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. सगळं कळल्यावर, माझ्या हातानं काय झालं ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर, तिनं तिची पोर मला दिली. जिला एकदा अंगावर पाजू दे म्हणून ती मला विनवायची आणि मी दिलं नाही, ती पोर.

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. इतक्या वर्षांत तिच्यासाठी अशी रडले नव्हते. इंद्रभानही रडला. तेवढ्यात गीता दुकानातून परत आली, आम्हाला दोघांना बघून घाबरली आणि विचारायला लागली, आई, काय झालं?